प्लेटिंगचं पाणी, क्रोमियम आणि सुधारित अधिशोषक : ९८ टक्के नेमके कशाचे?

रसायनवाली

सांडपाण्यातले जड धातू काढायला उसाचं चिपाड, भाताचं तूस, करवंटीचा कोळसा, कोळंबीची टरफलं, फ्लाय ॲश असलं काहीतरी घ्यायचं, त्यावर आम्ल, कॉस्टिक, अमाइन किंवा लोखंडाच्या क्षाराची प्रक्रिया करायची आणि दूषित पाण्यात ढवळायचं म्हणजे धातू त्याच्या पृष्ठभागावर चिकटतो (असा माल म्हणजे अधिशोषक), यावर आपल्याकडच्या कॉलेजांमध्ये भरपूर प्रोजेक्ट होतात आणि बहुतेकांत रिमूव्हल ९५ ते ९८ टक्के येतं. मी एका खासगी लॅबमध्ये सांडपाणी तपासते, त्यात प्लेटिंगवाल्यांची (वस्तूंवर धातूचा मुलामा चढवणारे) सॅम्पल खूप, म्हणून हा धागा काढतेय. इतकं छान निघतंय तर लहान प्लेटिंग शॉपमध्ये हा माल का दिसत नाही? माझं मत आधीच सांगून टाकते, मटेरियल वाईट नाहीयेत, त्यातली काही तर खरंच सुंदर आहेत, पण आपण मोजतोय भलतंच.

क्रोमियमचंच घेऊ. हार्ड क्रोम, डेकोरेटिव्ह क्रोम, झिंकवरचं पिवळं पॅसिव्हेशन, या सगळ्यांच्या धुवणाचं जे पिवळं पाणी येतं त्यात क्रोमियम हेक्झाव्हॅलंट रूपात असतं. हे रूप कॅन्सरकारक, पाण्यात सहज विरघळणारं आणि ऋण भाराचं, क्रोमेट नाहीतर डायक्रोमेट. दुसरं रूप ट्रायव्हॅलंट, धन भाराचं, त्याचा विषारीपणा खूपच कमी आणि पीएच आठ-नऊला नेला की हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतं. धातू एकच पण दोन रूपांचं वागणं पूर्ण वेगळं. पर्यावरण संरक्षण नियम १९८६ मधल्या सर्वसाधारण मानकांत नदीनाल्यात सोडायच्या पाण्याला हेक्झाव्हॅलंट ०.१ आणि एकूण क्रोमियम २ मिलिग्रॅम प्रति लिटर अशा दोन वेगळ्या मर्यादा आहेत त्या याचसाठी. पिण्याच्या पाण्याला तर आयएस १०५०० प्रमाणे एकूण क्रोमियमच ०.०५.

आता खरी गोची. मुलं हेक्झाव्हॅलंट मोजतात डायफिनाइल कार्बाझाइडने, आम्ही डीपीसी म्हणतो, आम्लात टाकलं की जांभळट गुलाबी रंग येतो आणि ५४० नॅनोमीटरला रीडिंग घ्यायचं. स्वस्त आणि छान टेस्ट आहे पण ती फक्त हेक्झाव्हॅलंट बघते. चिपाड, लाकडाचा भुसा, फळांच्या साली यांतलं लिग्निन, टॅनिन वगैरे आम्लात हेक्झाव्हॅलंटचं क्षपण करून (म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देऊन) स्वतःच त्याला ट्रायव्हॅलंट करून टाकतं, आणि प्रयोग नेमका पीएच २ ला केलेला असतो कारण आकडा तिथेच सगळ्यात चांगला येतो. गुलाबी रंग गेला, आलेख खाली आला, ९८ टक्के लिहून मोकळे. क्रोमियम चिपाडावर बसलंय का ट्रायव्हॅलंट होऊन पाण्यातच फिरतंय हे बघितलंच जात नाही. दक्षिण कोरियातल्या पार्क, युन वगैरे संशोधकांनी २००० च्या दशकात हे वेगवेगळ्या जैविक मालांवर करून दाखवलंय, तरी अजून टोटल क्रोमियम न मोजता पेपर लिहिले जातात याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्या भरवशावर कोणीतरी उद्या टाकी बांधेल आणि ते पाणी कुठल्यातरी ओढ्यात जाईल.

ज्यांनी प्रत्यक्ष काम केलंय त्यांनी लिहा. पेपरातलं नको, टाकीतलं सांगा.

ओंकार_सांगली

मॅडम धागा एकदम माझ्याच विषयावर आलाय. एमएस्सी दुसऱ्या वर्षाला आहे, प्रोजेक्ट हाच, उसाचं चिपाड धुवून वाळवून सायट्रिक ॲसिडमध्ये भिजवून ओव्हनला १२० डिग्रीला ठेवलं म्हणजे सेल्युलोजवर कार्बोक्सिल गट बसतात, आणि ते पोटॅशियम डायक्रोमेटच्या द्रावणात पीएच २ ला वापरलं. रिमूव्हल चांगलंय, लँगम्युअर (पाण्यात उरलेला आणि मालावर बसलेला धातू यांचं सूत्र) फिट होतो, आर स्क्वेअर (सूत्र किती जुळतं त्याचा आकडा) ०.९९ च्या वर. टोटल क्रोमियम मोजलेलं नाही कारण आमच्या डिपार्टमेंटला ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन (धातू मोजायचं यंत्र) नाही आणि बाहेर दिलं की प्रत्येक सॅम्पलला पैसे पडतात. त्याशिवाय काही मार्ग आहे का? आणि चिपाड आमच्याकडे फुकट मिळतं, म्हणून वाटलं होतं की शेतकऱ्याला पण दोन पैसे मिळतील.

ईटीपी_दादा

पंधराएक वर्षं प्लेटिंगच्याच ईटीपीवर (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पावर) आहे त्यामुळे टाकीतलं सांगतो.

आमच्याकडे पिवळं पाणी आधी वेगळ्या टाकीत येतं, त्यात सल्फ्युरिक टाकून पीएच दोन-अडीचला आणायचा मग सोडियम मेटाबायसल्फाइट सोडायचं आणि ओआरपी मीटर (क्षपण किती झालं ते दाखवणारा) बघत बसायचं. पिवळा रंग जाऊन पाणी हिरवट होतं, नाकाला झोंबणारा सल्फर डायऑक्साइडचा वास येतो, वास जरा जास्तच आला म्हणजे मेटा ज्यादा पडलं. एका ग्रॅम क्रोमियमला हिशोबाने पावणेतीन ग्रॅमच्या आसपास मेटा लागतं, प्रत्यक्षात जास्तच लागतं. मग चुना नाहीतर कॉस्टिक टाकून पीएच साडेआठ, करडे-हिरवे फ्लॉक धरतात, सेटलिंग, फिल्टर प्रेस, केक पोत्यात.

आता चिपाडाशी तुलना करू. दिवसाला १० हजार लिटर पाणी, लिटरला ५० मिलिग्रॅम क्रोमियम, म्हणजे रोज ५०० ग्रॅम क्रोमियम. ते हायड्रॉक्साइड करून काढलं तर कोरडं वजन साधारण एक किलो, त्यात प्रेसमधलं पाणी आणि चुन्याचा गाळ धरला तरी आठ-दहा किलोच्या आत बसतं. तेच अधिशोषकाने काढायचं आणि खऱ्या पाण्यात त्याची क्षमता ग्रॅमला २० मिलिग्रॅम धरली तर रोज २५ किलो माल लागेल, आणि संध्याकाळी तोच २५ किलो माल भिजून दुप्पट वजनाचा घातक कचरा होऊन बसेल. ठेवायचा कुठे? म्हणून मुख्य काम मेटा आणि चुन्याचंच. अधिशोषकाची जागा शेवटी, सँड फिल्टरच्या पुढे, जिथे एक-दोन किंवा पाच मिलिग्रॅम शिल्लक राहिलंय आणि मर्यादेत बसवायचंय. तिथे मात्र मला तो पाहिजेच आहे, कारण पहिल्या टाकीत पीएच मीटरचा प्रोब घाण झाला की क्षपण अर्धवट राहतं आणि मग राहिलेलं हेक्झाव्हॅलंट चुन्याने काही केल्या बसत नाही.

प्लेटिंगवाला_सातपूर

रसायनवाली ताई, विषय चांगला काढलात. आमचं छोटं युनिट आहे, निकेल आणि क्रोम दोन्ही. दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली, पाण्यात धातू जातो तो मुख्यतः जिगवरून (ज्यावर वस्तू टांगून बाथमध्ये, म्हणजे प्लेटिंगच्या द्रावणात, बुडवतात). जिग बाथमधून वर काढला की बोल्टच्या आट्यांतून, पाइपच्या पोकळीतून द्रावण ठिबकत असतं, कारागिराला घाई असते, तो तसाच उचलून पाण्याच्या टाकीत बुडवतो आणि महागाचं क्रोमिक ॲसिड गटारात जातं. जिग बाथवरच थोडा वेळ टांगून ठेवला, मध्ये एक साचलेल्या पाण्याची ड्रॅग-आउटची टाकी (जिगबरोबर आलेलं द्रावण उतरवून घ्यायला) ठेवली, तिचं पाणी बाथमध्ये भर घालायला वापरलं आणि पुढच्या धुवणाच्या टाक्यांत पाणी मालाच्या उलट दिशेने खेळवलं की ईटीपीवरचा बोजा निम्म्याहून खाली येतो, हा माझा स्वतःचा अनुभव. यासाठी कुठलंच मटेरियल लागत नाही, फक्त टांगायला एक आडवा पाइप लागतो.

दुसरी, मध्यंतरी एकाने येऊन नॅनो मटेरियलची कार्ट्रिज बसवून दिली, कंपनीचं नाव घेत नाही. डेमोला बादलीतलं पाणी आणलं होतं त्यांचं त्यांनीच, काचेसारखं बाहेर आलं. आमचं पाणी लावलं तर काही दिवसांतच आउटलेटला निकेल तसंच यायला लागलं. विचारलं तर म्हणाले तुमच्या पाण्यात कॉम्प्लेक्स आहे. म्हणजे काय ते आजपर्यंत नीट कोणी सांगितलेलं नाही. पैसे गेले त्यापेक्षा जास्त राग याचा की तेवढे दिवस पाणी तसंच पुढे गेलं.

रसायनवाली

काका, जिगचं लिहिलंत हे फार बरं झालं. आधी धातू पाण्यात जाऊच द्यायचा नाही, बाकीचं त्याच्यानंतर.

कॉम्प्लेक्सचं सांगते. तुमच्याकडे इलेक्ट्रोलेस निकेल (विजेशिवाय चढवलेलं) किंवा अल्कलाइन झिंक-निकेल असेल तर त्या बाथमध्ये निकेल विरघळलेलं राहावं म्हणून सायट्रेट, अमोनिया, अमाइन, कधी ईडीटीए असतं. हे रेणू निकेलच्या आयनाला चहूबाजूंनी धरून ठेवतात. मग चुना टाकून ते खाली बसत नाही, आणि कार्बोक्सिलवाला अधिशोषक ज्या धन भाराच्या मोकळ्या निकेलची वाट बघत असतो ते निकेल त्याला भेटतच नाही, सायट्रेट आणि ईडीटीएच्या बाबतीत तर उलट ऋण भाराचं काहीतरी समोर येतं. ते पाणी वेगळंच गोळा करावं लागतं, साध्या निकेलच्या धुवणात मिसळायचंच नाही. डेमो देणाऱ्याने आधी तुमचं पाणी मागायला हवं होतं.

ओंकार, आता तुझ्याकडे येते. ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन नसेल तरी टोटल क्रोमियम काढता येतं. गाळलेल्या सॅम्पलचा एक भाग आम्लात पोटॅशियम परमँगनेट घालून गरम कर, सगळं ट्रायव्हॅलंट परत हेक्झाव्हॅलंट होतं, मग उरलेलं परमँगनेट सोडियम अझाइडने मारायचं आणि नेहमीची डीपीसी करायची. चिपाडातून सुटलेलं सेंद्रिय द्रव्य परमँगनेट खातं, म्हणून त्याचा जांभळा रंग टिकेपर्यंत थोडं थोडं घालत राहा. एकूणातून हेक्झाव्हॅलंट वजा केलं की राहिलं ते ट्रायव्हॅलंट. अझाइड अतिशय विषारी आहे, आम्लात त्याचा वायू सुटतो, फ्यूम हूडखालीच आणि सर हजर असतानाच, आणि ते सिंकमध्ये ओतायचं नाही, शिशाच्या-तांब्याच्या पाइपात त्याचे स्फोटक क्षार होतात. हे हलक्यात घेऊ नकोस.

आणि एक, तू सायट्रिक ॲसिडने कार्बोक्सिल लावलेस. कार्बोक्सिल धन भाराचे धातू पकडतो, निकेल, तांबं, शिसं, कॅडमियम. डायक्रोमेट ऋण भाराचं. शिवाय पीएच २ ला कार्बोक्सिलचा हायड्रोजन सुटलेलाच नसतो, तो भारहीन. म्हणजे तुझी सुधारणा आणि तुझा धातू यांचं जमतच नाहीये, तरी हेक्झाव्हॅलंट कमी होतंय म्हटल्यावर माझा संशय क्षपणावरच आहे.

कोणत्या धातूला कोणती सुधारणा हा या विषयाचा गाभा आहे असं मला वाटतं. पाऱ्याला गंधक लागतं, थायोल गट लावलेलं मटेरियल पाऱ्याला असं धरतं की बाकीचे क्षार कितीही असले तरी सोडत नाही, पियर्सनने १९६३ मध्ये मांडलेलं मऊ आम्ल-मऊ आम्लारी तत्त्व ते हेच. आर्सेनिकला लोखंडाचं ऑक्साइड. निकेल-तांब्याला कार्बोक्सिल किंवा इमिनोडायॲसिटेट. क्रोमेटला अमाइन, आणि त्यातही साधं अमाइन म्हणजे कायटोसानसारखं (कोळंबीच्या टरफलांपासून काढलेलं) असेल तर ते आम्लातच भारित होतं, पीएच आठला निष्प्रभ. ईटीपी दादांना शेवटच्या टप्प्यावर लागतंय ते पीएच आठला चालणारं, तिथे क्वाटर्नरी अमोनियम गट लावलेला माल पाहिजे, त्याचा भार पीएचवर अवलंबून नसतो. त्यालाही पाण्यातलं सल्फेट त्रास देतं, आणि मेटाने क्षपण केलेल्या पाण्यात सल्फेट भरपूर असतं, म्हणून प्रयोग सल्फेट घालूनच करायचे.

निवृत्त_मास्तर

केमिकल इंजिनिअरिंग शिकवत होतो, आता घरी असतो. रसायनवाली यांचं लिखाण आवडलं, त्याला आकड्यांची थोडी जोड देतो, कारण क्यूमॅक्स (एक ग्रॅम माल जास्तीत जास्त किती धातू धरेल) नावाच्या आकड्याने मुलांचं फार नुकसान केलंय.

अधिशोषण म्हणजे पृष्ठभागावर चिकटणं. पृष्ठभागावर किती चिकटेल ते पाण्यात किती शिल्लक आहे त्यावर ठरतं, हेच लँगम्युअरने १९१८ मध्ये सूत्रात बांधलं. समजा तुमच्या मालाचा क्यूमॅक्स ग्रॅमला १०० मिलिग्रॅम आणि स्थिरांक ०.०५ लिटर प्रति मिलिग्रॅम. पेपरात १०० लिहिलं जातं. पण हा १०० पाण्यात शेकडो मिलिग्रॅम धातू शिल्लक असताना येतो. तुम्हाला पाणी सोडायचंय ०.१ ला. सूत्रात ०.१ घाला, क्षमता येते ग्रॅमला अर्धा मिलिग्रॅम. शंभरावरून थेट अर्ध्या मिलिग्रॅमवर!

म्हणून टाकीत माल टाकून ढवळायचं हा प्रकार शेवटच्या टप्प्याला अगदी वाया जाणारा आहे, कारण टाकीतला सगळा माल त्या शेवटच्या पातळ पाण्याशी समतोल साधतो. तोच माल उभ्या कॉलममध्ये भरून पाणी एका बाजूने सोडलं तर आत शिरणारं पाणी लिटरला ५ मिलिग्रॅमचं, त्याच्याशी समतोल साधला जातो, सूत्रात ५ घाला, क्षमता येते २०. चाळीसपट. १० हजार लिटरला, लिटरमागे ५ मिलिग्रॅम, म्हणजे रोज ५० ग्रॅम क्रोमियम काढायला कॉलममध्ये अडीच किलो माल आणि ढवळायच्या टाकीत जवळजवळ १०० किलो. कॉलम पूर्ण भरायच्या आत गळायला लागतो हे खरं, त्यामुळे अडीचाचे चार-पाच किलो धरा, किंवा दोन कॉलम एकामागे एक लावा, तरी फरक केवढा आहे बघा.

चिपाडाचा भुगा कॉलममध्ये फुगतो आणि दाब वाढतो ही दुसरी अडचण. त्याचे दाणे बांधावे लागतात, त्यावर काम करणारी मुलं मला हवी आहेत, आर स्क्वेअरवाली भरपूर झाली. स्यूडो सेकंड ऑर्डर (अधिशोषणाच्या वेगाचं एक सूत्र) फिट झालं म्हणून रासायनिक अधिशोषण सिद्ध झालं असं लिहिणं तर बंदच करा, फिट कशालाही होतं.

ओंकार_सांगली

मास्तर, सूत्रात स्वतः आकडे घालून बघितले, बरोबर येतंय. आम्हाला हे असं कोणी घालून दाखवलंच नव्हतं, फक्त ओरिजिन सॉफ्टवेअरमध्ये ग्राफ काढायला शिकवलं.

साखरपट्टा

ओंकार, चिपाड फुकट हे विसर. कारखान्यावर काम करतो म्हणून सांगतो, बगॅस म्हणजे चिपाड आता बॉयलरला जातो, कोजनची (त्याच वाफेवर केलेली) वीज विकली जाते, त्यामुळे एकेक टनाचा हिशोब असतो. फुकट किंवा फुकटासारखं मिळते ती बॉयलरची राख. त्यात न जळलेला कार्बन बराच असतो, तिच्यावर काम कर वाटलं तर.

कोकणकडा

कोळंबीच्या टरफलांबद्दल. रत्नागिरीकडे मासळी प्रोसेसिंगवाल्यांकडे ढीग असतो आणि त्याची विल्हेवाट हाच त्यांचा प्रश्न असतो, त्यामुळे कायटोसान करा म्हणून सगळे सांगतात. पण करायचं कसं तर आधी पातळ हायड्रोक्लोरिकने चुना काढायचा, पातळ कॉस्टिकने प्रथिनं काढायची आणि मग ४०-५० टक्के कॉस्टिकमध्ये तापवून ॲसिटाइल गट काढायचे. म्हणजे एक पाणी साफ करायला दुसरीकडे कॉस्टिकचं सांडपाणी. तेही हिशोबात धरा. आणि कायटोसान आम्लात विरघळतं, क्रोमेटच्या आम्लयुक्त पाण्यात टाकलं तर जेलीच व्हायची, ग्लुटाराल्डिहाइड वगैरेने क्रॉसलिंक करावंच लागतं आणि त्यात काही अमाइन गट खर्ची पडतात. तरी मला कायटोसान आवडतं, कारण त्यावर दुसरं काहीही बसवता येतं.

हुगळीकाठचा_मराठी

कोकणकडा यांच्या शेवटच्या वाक्याला +१. बंगालमध्ये नोकरीला आहे, इथे प्रश्न सांडपाण्याचा नाही, जमिनीतल्या आर्सेनिकचा, मालदा, मुर्शिदाबाद, नदिया, दोन्ही चोवीस परगणे. पण अधिशोषक शाळेच्या आवारात वर्षानुवर्षं चालू शकतो हे इथे बघायला मिळतं म्हणून लिहितोय. आयआयटी मद्रासच्या टी. प्रदीप यांच्या गटाने कायटोसानच्या जाळीत लोखंडाच्या ऑक्सिहायड्रॉक्साइडचे अतिशय बारीक कण अडकवून जो माल केला त्याला अमृत म्हणतात. बारीक कण म्हणजे पृष्ठभाग प्रचंड, आणि जाळीत अडकलेले असल्याने पाण्यासोबत वाहून जात नाहीत. दाण्यांच्या रूपात मिळतो, भट्टी न लावता साध्या तापमानाला बनतो. आर्सेनिकमध्ये पण दोन रूपांची भानगड आहे, आर्सेनाइट साधारण पीएच नऊपर्यंत भारहीन असतं म्हणून कित्येक अधिशोषकांवर नीट चिकटत नाही, आर्सेनेट चिकटतं, आणि पाण्यातलं फॉस्फेट व सिलिका मध्ये येतात. तिकडे बांगलादेशात अबुल हुस्साम यांचा सोनो फिल्टर, लोखंडाच्या कंपोझिटचा, त्याला २००७ मध्ये अमेरिकेतलं १० लाख डॉलरचं ग्रेंजर पारितोषिक मिळालं. वीज नाही, एकावर एक ठेवलेल्या बादल्या. जिथे माणसं रोज वापरणार तिथलं पाणी घेऊन काम सुरू केलं म्हणून टिकलं, असं मला वाटतं.

नदीकाठची

मी यातली तज्ज्ञ नाही, आमची शेती एमआयडीसीच्या खालच्या अंगाला ओढ्यावर आहे. वर सगळे पाण्यातून धातू काढायचं बोलताय, पण काढलेला धातू जातो कुठे? आमच्याकडे रात्री टेम्पो येऊन रस्त्याकडेला पोती टाकून गेलेला सगळ्या गावाने बघितलाय, पावसात ती फुटली आणि हिरवट चिखल ओढ्यात गेला. तुमच्या चिपाडाचं पण तसंच झालं तर? कोणीतरी चुलीत घालेल, चिपाडच आहे म्हणून.

ईटीपी_दादा

ताई, प्रश्न अगदी नेमका विचारलात. कायद्याने २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली ईटीपीचा केमिकल गाळ ३५.३ मध्ये येतो, तो मॅनिफेस्ट (कचरा कुठून कुठे गेला त्याचा कागद) भरून अधिकृत टीएसडीएफलाच (घातक कचऱ्यावर प्रक्रिया आणि विल्हेवाट करणारी जागा) जायला पाहिजे. आमच्याकडे पोत्यापोत्याचं वजन लिहून जातं. जे रात्री टाकतात ते पैसे वाचवतात आणि तुमच्या विहिरीत घालतात, दुसरा शब्द नाही. टेम्पो परत दिसला तर फोटो, वेळ आणि जागा नोंदवून प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोचपावती घ्या. तोंडी सांगू नका.

रसायनवाली

नदीकाठची ताई, चुलीचं तुम्ही बोललात ते सगळ्यांनी ठळक करून ठेवावं. क्रोमियम बसलेलं चिपाड जाळलं तर राख अल्कलीयुक्त असते, वर हवा आणि उष्णता, या परिस्थितीत निरुपद्रवीसारखं झालेलं ट्रायव्हॅलंट क्रोमियम परत हेक्झाव्हॅलंट होऊ शकतं. म्हणजे एवढी यातायात करून विष परत तयार करायचं, ते पण धुरात आणि राखेत. बॉयलरला, वीटभट्टीला, चुलीला, कुठेच नाही. विटांमध्ये घालून बंदिस्त केलं असं लिहिणाऱ्यांनीही भाजलेल्या विटेतून पाण्यात किती सुटतं ते तपासल्याशिवाय लिहू नये.

क्रोमियम उघड्यावर पडलं की काय होतं ते बघायला कानपूर देहातमधलं रनिया-खानचंदपूर आहे, तमिळनाडूत राणीपेटला बंद पडलेल्या क्रोमेट कारखान्याचा ढीग आहे. कारखाने जाऊन दशकं लोटली, भूजल अजून खराब. म्हणून प्रोजेक्टमध्ये वापरलेल्या मालाचं काय करणार यावर एक ओळ नाही, पूर्ण प्रकरण पाहिजे. परत वापरता येतो का, किती वेळा, धुतलेलं द्रावण कुठे जाणार. निकेल बसलेला माल पातळ सल्फ्युरिकने धुतला तर थोड्याशा द्रावणात निकेल सल्फेट गोळा होतं, ते अशुद्धी तपासून बाथमध्ये परत घालता आलं तर कचराही कमी आणि पैसाही परत. क्रोमेटचं तसं सोपं नाही, कॉस्टिकने सुटतं पण आम्ल-अल्कलीत चिपाडच कुजतं, आणि जे क्षपण होऊन ट्रायव्हॅलंट म्हणून बसलंय ते कॉस्टिकने सुटत नाही.

ओंकार_सांगली

मॅडम, परमँगनेटची पद्धत सरांसमोर करून बघितली. त्याच गाळलेल्या पाण्याला नुसती डीपीसी केली तर रंग जवळपास नाहीच, आणि परमँगनेटने गरम करून मग केली तर चांगला गडद गुलाबी. दोन्ही नळ्या शेजारी ठेवून सरांनी बराच वेळ बघितलं. ते म्हणाले हाच प्रोजेक्ट कर, कशाचं किती झालं ते वेगळं करून लिही.

आता विचारायचंय की सायट्रिकवालं चिपाड निकेलवर वापरून बघू का? आणि त्याला खरं पाणी कुठून आणू?

रसायनवाली

शाब्बास रे. तुझ्या सरांनाही माझा नमस्कार सांग.

निकेलवर जरूर कर, तिथे तुझे कार्बोक्सिल योग्य जागी आहेत. पीएच पाच-सहाच्या दरम्यान ठेव. तीनच्या खाली हायड्रोजन आयनच जागा अडवतात, आणि आठच्या वर निकेल स्वतःच हायड्रॉक्साइड होऊन बसायला लागतं, ते तुझ्या चिपाडाच्या नावावर जमा होईल. म्हणून प्रत्येक पीएचला चिपाड न घालता एक कोरा प्रयोग लावच. शिशाच्या आणि तांब्याच्या किती पेपरांत हा कोरा प्रयोगच नसतो आणि पीएच वाढला की क्षमता वाढली म्हणून लिहिलेलं असतं.

डिस्टिल्ड पाण्यात एकदा, बोअरच्या पाण्यात एकदा. बोअरचं पाणी कठीण असतं, निकेल यायच्या आधी कॅल्शियमने एसटीत रुमाल टाकून जागा धरल्यासारखं होतं, खरी क्षमता तिथेच कळते. आणि आउटलेटचा सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) बघ, चिपाडातून तपकिरी पाणी सुटतं, धातू काढला आणि सीओडी २५० च्या वर नेला तर काय उपयोग.

प्लेटिंगवाला_सातपूर

ओंकार, पाणी मी देतो. आमच्याकडे साध्या वॉट्स बाथचं (निकेल सल्फेट-क्लोराइडचं नेहमीचं द्रावण) निकेल आहे, त्याचं धुवणाचं पाणी घेऊन जा, कॅन भरून ठेवतो. इलेक्ट्रोलेसचं वेगळ्या कॅनमध्ये देईन, ते पण लावून बघ आणि चिपाडाने काय केलं ते मला खरं खरं सांग, चांगलं नाही आलं तरी चालेल. क्रोमचं पाहिजे असेल तर तेही देतो. फक्त कसं भरायचं, ॲसिड घालायचं का, ते ताईंनी लिहा, आमच्या पोराकडून गडबड नको.

रसायनवाली

काका, खूप आभार. ओंकार पीएच लावून प्रयोग करणार त्या पाण्यात काहीही घालू नका, प्लास्टिकचा स्वच्छ कॅन त्याच पाण्याने विसळून गच्च भरा, बाथचं नाव आणि भरल्याची तारीख-वेळ लिहा. निकेलचा सुरुवातीचा आकडा तपासायला छोटी बाटली वेगळी, तिच्यात नायट्रिक ॲसिड टाकून पीएच दोनच्या खाली. ते ओंकारने करावं, तुमच्या पोराला करायला लावू नका. क्रोमच्या बाटलीत ॲसिड अजिबात नको, नाहीतर वाटेतच क्षपण होईल, ती बर्फात ठेवून २४ तासांच्या आत हेक्झाव्हॅलंट तपासायचं. सातपूरहून सांगलीला एसटीने रात्रभर लागेल, त्यामुळे क्रोमचं सॅम्पल नाशकातच कोणाकडून तपासून घेता आलं तर बघा, निकेलचं तेवढं सांगलीला न्या. कॅनवर घातक द्रव असं मोठ्या अक्षरात लिहा आणि प्रवाशांच्या सामानात ठेवू नका, रे ओंकार, कॉलेजच्या गाडीचं विचार.

ओंकार_सांगली

सरांशी बोललो, पुढच्या आठवड्यात ते नाशिकला परीक्षेच्या कामाला जाणारच आहेत स्वतःच्या गाडीने, येताना कॅन घेऊन येतील. काका, तुम्हाला व्यनि केलाय. मास्तर, कॉलमला काचेची नळी मिळालीय, दाणे कसे बांधायचे ते विचारायला तुम्हालाही व्यनि करतो.